वरच्या मजल्याच्या अडचणी

वरचा मजला गुंतवणूक म्हणून बांधायचा, असं माझ्या नवऱ्यानं ठरवलं आणि कर्ज माझ्या नावावर काढलं. मी पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि सरकारी नोकराला घरासाठी पैसे मिळत होते. तो कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा. त्याच्या संस्थेत पगारच दोन-दोन महिने लांबायचा, त्याला कर्ज कोण देणार? त्यामुळं चिकलठाण्याकडच्या नव्या वसाहतीतलं ते घर कागदावर माझं होतं. बोलण्यात मात्र ते कायम 'मी बांधलं' असंच यायचं.

लिहिताना मी त्याला एकेरीत लिहितेय, हे माझ्या लक्षात आहे. तोंडावर आयुष्यभर 'अहो' म्हटलं. कागदावर आता तेवढी सवलत घेते.

त्या वर्षांत आमच्या शहरात ज्याला त्याला घरमालक व्हायचं होतं. चिकलठाण्याला कारखाने उभे राहिले होते, वाळूजच्या माळावर खुंट्या ठोकल्या जात होत्या. जालना, बीड, परभणीकडून पोरं वळकटी घेऊन स्टँडवर उतरायची आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी पत्र्याखाली जायची. लोकांनी न्हाणीघरं दिली, कडब्याच्या खोल्या दिल्या. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थानं जिन्याखालची जागा दोघांना दिली होती; त्यातला उंच होता तो तिरका झोपायचा. ज्यांना गावाकडं भावकीत कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, ते इथं मालक झाले आणि अंगणात खुर्ची टाकून बसू लागले. त्या खुर्च्यांत माझा नवराही होता.

भाडेकरू पारखायची त्याची एक पद्धत होती. गाव कुठलं, कंपनी कुठली, पाळी कोणती, घरात माणसं किती, हे सगळं तो गप्पा मारल्यासारखं विचारायचा. मग आडनाव विचारायचा आणि ते ऐकल्यावर कानामागं हात धरून म्हणायचा, नीट ऐकू नाही आलं. समोरचा पुन्हा सांगायचा. कान चांगले होते त्याचे. आडनावावरून कळलं नाही की तो गावातलं घर कुठल्या अंगाला आहे ते विचारायचा. पुढच्या खोलीत भिंतीवर थोरामोठ्यांच्या तसबिरी होत्या, त्यांच्याखाली बसूनच हे चालायचं.

एवढं पारखून पहिल्यांदा त्यानं दोन पोरांना जागा दिली. दोघंही एका कारखान्यात लेथवर होते, आडनावं पसंत पडली होती. महिन्याभरात जिन्यावर मला वेगवेगळे सहा चेहरे दिसायला लागले. तीन पाळ्यांत सहा जण होते आणि खाटा दोन. एक जण उठून कामाला गेला की दुसरा येऊन त्याच खाटेवर पडायचा. संडास एकच होता. नवऱ्यानं त्यांना लोकशाहीतल्या कर्तव्यांवर अर्धा तास ऐकवलं. ती पोरं मान खाली घालून ऐकत राहिली आणि दुसऱ्या दिवशीही सहाच होती.

त्यांच्यानंतर एक सुपरवायझर आला, बायको-मुलांसह. त्याच्या आडनावावर नवरा इतका खूश होता की त्यानं कागदसुद्धा केला नाही. हा माणूस वर्षभर राहिला, मोरीतून पाणी झिरपून आमच्या देवघराची भिंत फुगली तरी कळवलं नाही. जाताना नळाच्या तोट्या, पंख्यांचे रेग्युलेटर आणि संडासाची कडी काढून घेऊन गेला. कडीचं मला आजही कोडं आहे. नवरा म्हणाला, माणूस चांगल्या घरचा होता, बायकोनं केलं असेल.

त्यानंतर दोन महिने वरचा मजला रिकामा होता.

तेव्हा नामांतराचा प्रश्न पेटलेला होता. विद्यापीठाचं नाव बदलायचा ठराव झाला होता आणि खेड्यांतून वस्त्या जाळल्या गेल्या होत्या. शहरात मोर्चे निघत, त्यांच्याविरुद्ध दुसरे मोर्चे निघत, शाळा-कॉलेजं बंद पडत. आमच्या ऑफिसात दोन टेबलांवर दोन पक्ष होते आणि ते एकमेकांच्या डब्यातलं लोणचंही घेईनासे झाले होते. माझा नवरा नामांतराच्या बाजूनं होता. ते मनापासून होतं, असंही मी म्हणेन; व्यासपीठावर तो जे बोलायचा ते त्याला खरंच पटायचं. पत्रकावर त्यानं सही केली. एका मोर्चात तो क्रांती चौकापर्यंत चालत गेला आणि तिथून रिक्षानं परत आला, कारण ऊन फार होतं.

त्या मोर्चात त्याच्या शेजारून चालणारे एक प्राध्यापक होते. त्याच्याच कॉलेजात इतिहास शिकवायचे, त्याच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. बौद्ध होते. परभणीकडच्या त्यांच्या गावात वस्ती जळाली तेव्हा त्यांच्या आईवडिलांचं घर गेलं. म्हाताऱ्यांना त्यांनी शहरात आणलं. ते, सरकारी दवाखान्यात नर्स असलेली त्यांची बायको, दोन मुलं आणि आता आईवडील, अशी सहा माणसं छावणीजवळच्या एका खोलीत राहत होती. वरचा मजला रिकामा आहे हे त्यांना माझ्या नवऱ्यानंच स्टाफरूममध्ये सांगितलं होतं. सुपरवायझरची तक्रार करताना ओघात बोलून गेला असणार.

एका रविवारी ते आले, चहा घेतला आणि सरळ विचारलं. नवरा म्हणाला, सर, हे काय विचारणं झालं, घर तुमचंच आहे. मग थांबून म्हणाला की अडचण फक्त पाण्याची आहे, मोटर वर पाणी चढवत नाही, घरात लहान मुलं, हाल होतील. मोटर खरंच चढवत नव्हती. ज्या खात्यानं पैठणला एवढं मोठं धरण बांधलं त्या खात्यात मी कामाला होते, आणि माझ्या घरी एक दिवसाआड येणारं पाणी पंधरा फूट वर जात नव्हतं.

पुढच्या रविवारी ते एका फिटरला घेऊन आले. फिटरनं हौदात उतरून पाइपाच्या टोकाची झडप काढली, त्यात अडकलेलं चिंधूक दाखवलं, नवी झडप बसवली आणि मोटर लावली. वरच्या टाकीत पाणी पडायचा आवाज आम्ही सगळ्यांनी अंगणात उभं राहून ऐकला. नवऱ्यानं फिटरची तारीफ केली. मग त्याला गच्चीची आठवण झाली. गच्ची गळते, म्हणाला, मी तुम्हाला अशा घरात कसा ठेवू?

ते म्हणाले, पावसाला तीन महिने आहेत, तोवर डांबर ओतून घेऊ, निम्मा खर्च माझा.

मग विजेचं मीटर निघालं, ते खाली-वर मिळून एकच होतं. त्यांनी वरच्यापुरतं छोटं सब-मीटर बसवायची तयारी दाखवली. मग नवऱ्याचा भाचा निघाला. तो म्हणे शिकायला येणार होता आणि त्याला वर ठेवावं लागणार होतं. तो भाचा तेव्हा सातवीत होता. मग कायदा निघाला. भाडेकरू एकदा घुसला की कोर्टात पंधरा वर्षं जातात, हे नवऱ्यानं त्यांना समजावून सांगितलं. तुमच्याबद्दल नाही सर, एकूणच परिस्थिती सांगतोय.

घर भाड्यानं देणाऱ्याच्या जेवढ्या म्हणून अडचणी असतात त्या सगळ्या मला त्या दीड महिन्यात पाठ झाल्या. प्रत्येक अडचण खरी होती. सुपरवायझरला जागा देताना यातली एकही आड आली नव्हती, एवढंच.

शेवटी ते स्टॅम्पपेपर घेऊनच आले. अकरा महिन्यांचा करार, मालकानं सांगितल्यावर एका महिन्यात जागा सोडायची, सगळं स्वच्छ टाइप केलेलं, खाली त्यांची सही झालेली. नवऱ्यानं कागद दोनदा वाचला. मी आत चहा गाळत होते आणि मधलं दार नुसतं लोटलेलं होतं.

तो आवाज खाली आणून म्हणाला, "माझं काही नाही हो सर. पण घर पडलं हिच्या नावावर. ही गावाकडची, देवाधर्माची, सोवळ्या-ओवळ्याची. आम्ही बाहेर काहीही बोललो तरी घरात बायकांपुढं चालत नाही. तुम्ही समजून घ्या."

माझं माहेर पैठणच्या रस्त्यावरचं. आई पहाटे पाचला शेतात जायची, सोवळं पाळायला आमच्याकडं कुणाला फुरसत होती? कोंबडी शिजायची ती अंगणातल्या चुलीवर आणि खाणारे सगळे असायचे. पण आमच्या आडावर कुणी पाणी भरायचं आणि कुणी लांब उभं राहायचं, हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दीड महिन्यात नवरा एकेक अडचण काढत होता तेव्हा मला आतून बरंच वाटत होतं. नाही म्हणायचं काम तो करत होता, मला करावं लागत नव्हतं. मी मान वर न करता भाजी निवडत बसू शकत होते. त्यानं माझं नाव पुढं केलं आणि ती सोय संपली. राग आला तो त्या प्राध्यापकांसाठी आला, असं मी कधी कुणाला सांगितलं नाही आणि आताही सांगत नाही. राग आला तो माझ्यासाठी.

वरच्या मजल्याची किल्ली दाराच्या मागं खिळ्याला असायची. ती मी चहाच्या ट्रेमध्ये कपांच्या मधे ठेवली आणि बाहेर गेले.

"पाणी वर चढतं," मी त्यांना म्हणाले. "एक तारखेला या. करार तेवढा माझ्या नावानं करून आणा, ह्यांचा त्यात काही संबंध नाही."

त्यांनी किल्ली लगेच उचलली नाही. आधी माझ्या नवऱ्याकडं पाहिलं. नवरा हसला. म्हणाला, "बघा सर. मी म्हटलं नव्हतं तुम्हाला, हिला समजावलं तर ऐकेल ही?"

ते एक तारखेला राहायला आले.

समोरच्या घरातून आठवडाभर आमच्याकडं हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, नंतर आलं. माझी आई गावाहून आली तेव्हा वर कोण राहतं हे तिनं विचारलं. मी सांगितलं. "व्हय का," म्हणाली, आणि कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेली नाही, अंगणात घातल्या. तिथं त्या कावळ्यांनी नेल्या. वरच्या म्हाताऱ्या आईंशी ती कुंपणाजवळ उभी राहून गुडघ्यांच्या तेलाबद्दल तासभर बोलायची, पण चहाला वर गेली नाही. नवरा मात्र रोज वर जायचा. जिन्यावरून मोठ्यानं हाक मारत जायचा, गल्लीला ऐकू जाईल अशी. चहा विचारला की म्हणायचा, आत्ताच झाला. अडीच वर्षं त्याचा चहा आत्ताच झालेला होता.

माझं म्हणाल तर मला त्या कुटुंबाचा वैताग यायचा. ते चांगले भाडेकरू होते असं म्हणायला लोकांना आवडतं, मला ते तेवढं सोपं वाटत नाही. म्हाताऱ्या आई पहाटे आमच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर वर वरवंटा चालवायच्या. मोटर लावून विसरून जायचे आणि टाकी भरून वाहायची, पाण्याच्या दिवशी निम्मं पाणी गटारात. मोर्चाच्या आधी त्यांच्याकडं विद्यार्थी मुक्कामाला यायचे, दहा-बारा जण, आणि दुसऱ्या दिवशी संडास तुंबलेला असायचा. हे मी सांगायला जायची आणि निम्म्या जिन्यात थांबायची. मी घरमालकीण म्हणून चालले आहे की आणखी कोण म्हणून, हे मला कळेनासं व्हायचं. मग मी एक तर काहीच न बोलता परत यायची, नाही तर लहानशा गोष्टीवर नको इतकं बोलायची.

एकदा टाकी वाहत असताना मी वर जाऊन प्राध्यापकांच्या बायकोला फार लागेल असं बोलले. तुम्हा लोकांना पाण्याची किंमत नाही, असं काहीतरी. 'तुम्हा लोकांना' म्हटल्यावर मला स्वतःलाच ऐकू आलं. त्या दवाखान्यातल्या पाळीवरून आलेल्या होत्या, पांढऱ्या साडीतच होत्या. त्यांनी आधी मोटर बंद केली.

"ताई, पाणी वाया गेलं, चूक माझी," त्या म्हणाल्या. "पण नळाचं भांडण नळाचंच ठेवा."

मी खाली आले. त्यानंतर मी भांडण नळाचंच ठेवायला शिकले, आणि मग आमची भांडणं चांगली कडकडून झाली. वरवंट्याखाली पोतं आलं. विद्यार्थ्यांनी सार्वजनिक संडासात जायचं ठरलं. मोटरची जबाबदारी म्हाताऱ्या वडिलांकडं गेली आणि ते टाकी भरेपर्यंत गच्चीवर स्टूल टाकून बसू लागले.

दुसऱ्या वर्षी शहरात पुन्हा गडबड झाली तेव्हा भर दुपारी कुणीतरी दगड मारले. वरच्या दोन काचा फुटल्या आणि खालची एक. मुलं शाळेत होती, कुणाला लागलं नाही. नवरा कॉलेजातून आला, खालची काच पाहिली आणि सरळ वर गेला. मी पाठोपाठ गेले. तो प्राध्यापकांना सांगत होता की तुमच्या काळजीपोटी बोलतोय, तुमच्या माणसांत राहिलात तर जास्त सुरक्षित राहाल. ते पत्र्याच्या सुपलीत काचा भरत होते.

"सर, काचा मी बसवून घेतो," ते म्हणाले. "खालचीसुद्धा."

नवरा आणखी काही बोलणार होता. मी त्याला म्हटलं, अहो, खाली चला, करार माझ्याशी आहे. तो खाली आला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. ते दोन दिवस घरात फार बरं वाटलं. खालच्या काचेचा खर्च मी त्यांना करू दिला नाही, आणि त्यात मोठेपणा काही नव्हता. घर माझं होतं.

अडीच वर्षांनी त्यांनी पडेगावच्या बाजूला, दौलताबादच्या रस्त्याला जागा घेऊन घर बांधलं आणि ते गेले. जाताना स्वयंपाकघराच्या भिंतीवरून त्यांच्या बायकोचं आणि माझं वाजलं. स्टोव्हच्या वरची भिंत धुरानं आणि तेलानं हातभर काळी झाली होती. त्या म्हणाल्या, राहत्या घराला एवढं होतंच. मी म्हणाले, एवढं होत नाही. रंगाचे पैसे मी अनामत रकमेतून कापले. आजही मला वाटतं, माझं बरोबर होतं. तोट्या मात्र सगळ्या जागेवर होत्या, कडीसुद्धा.

त्यानंतर भाडेकरू ठरवायचं काम मी नवऱ्याकडं कधी दिलं नाही. लोक आले की मी विचारते माणसं किती, पाळी कोणती, मोटर कोण बंद करणार. आडनाव करारावर लिहिताना कळतंच. कळल्यावर माझी नजर त्यावर क्षणभर थांबते, हे मला माहीत आहे. ते मी अजून घालवू शकलेले नाही.

बऱ्याच वर्षांनी विद्यापीठाला नाव मिळालं. तोपर्यंत नवरा सामाजिक शास्त्रांचा विभागप्रमुख झाला होता; इतिहासही त्यातच आला. कॉलेजात समारंभ झाला, त्यात तो बोलला. मी बायकांच्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर होते. बोलता बोलता तो आमच्या वरच्या मजल्यावर आला. त्या पेटलेल्या दिवसांत, म्हणाला, समाजाचा रोष पत्करून, घरातला विरोध पत्करून, मी माझ्या बौद्ध मित्राला माझं घर दिलं. घरातला विरोध म्हणताना त्यानं माझ्याकडं प्रेमळपणे हात केला. लोक वळून माझ्याकडं बघून हसले. आमच्या घरी दगड आले पण आम्ही डगमगलो नाही, असं म्हणेपर्यंत त्याचा आवाज भरून आला होता. तो खोटं बोलत नव्हता. इतक्या वर्षांत त्याच्या डोक्यात ते तसंच घडलेलं होतं.

ते प्राध्यापक मंचावरच होते, कडेच्या खुर्चीवर. ते समोर बघत होते. टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या.

चहाच्या वेळी ते आणि त्यांच्या बायको माझ्याजवळ येऊन उभे राहिले. पडेगावच्या घरावर त्यांनी दोन खोल्या काढल्या होत्या आणि वाळूजच्या कारखान्यातल्या एका कुटुंबाला दिल्या होत्या. मीटर वेगळं घ्यावं की छोटं बसवून भागतं, हे त्यांना विचारायचं होतं. वेगळंच घ्या, मी म्हणाले, नाही तर दर महिन्याला वाद. त्यांच्या बायको म्हणाल्या की भाडेकरीण पहाटे वर काहीतरी कुटते, डोकं उठतं. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्या हसल्या नाहीत आणि मीही हसले नाही. खरंच डोकं उठत असणार.

मग मी प्राध्यापकांना हळू आवाजात विचारलं, तुम्ही तिथं बसून ऐकून घेतलं कसं?

"वहिनी, सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत," ते म्हणाले. "माझा वार्षिक गोपनीय अहवाल तेच लिहितात."

तेवढ्यात नवरा हार हातात घेऊन आमच्याकडं आला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, एकदा घरी येईन तुमच्या, चहाला. ते म्हणाले, या ना सर. त्यांच्या बायकोनं पत्ता सांगितला, थांबा कुठला, रिक्षावाल्याला काय सांगायचं, सगळं नीट समजावून सांगितलं. नवऱ्यानं तो लिहून घेतला.

तो गेला नाही. पुढच्या महिन्यात मी एकटीच गेले, बसनं. त्यांचं मीटर बघितलं.